बटाटे तुडवायचं गाणं

दीक्षा: आधी तो कूलर बंद कर. मले हे ओरडून नाही वाचायचं.

विहंग: पाच मिनिटं तरी थंड होऊ दे खोली. माइक सुरू झाला की तसाही तासभर घामच आहे. आणि आज मंगोलियाचा पोरगा आहे, त्याचं नावच मला चार वेळा म्हणून पाहावं लागणार.

दीक्षा: आज मंगोलिया नाही होऊन राहिलं. बंद कर कूलर.

विहंग: केला. बोल.

दीक्षा: आपल्या 'जगाचा माइक' या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मेलचा पासवर्ड कधी बदलला तू?

विहंग: महिना झाला असेल. ते आपलं, सुरक्षेसाठी. फॉलोअर वाढले की लोक अकाउंट हॅक करतात.

दीक्षा: मले काहून नाही सांगितलं? दर रविवारी तुझ्या बाजूला बसून मी बोलते. निम्मा कार्यक्रम माझा आहे म्हणतोस.

विहंग: राहून गेलं. झालं काय?

दीक्षा: नायरा चोके आठवते?

विहंग: बोलिव्हियाची.

दीक्षा: तिनं माझ्या पेजवर लिहिलं. माझ्या, कार्यक्रमाच्या नाही. मोठं पत्र आहे, स्पॅनिशमध्ये.

विहंग: मशीनवर टाकून वाचलं असशील. त्याच्यावर फार विश्वास ठेवू नको, ते काहीही अर्थ लावतं.

दीक्षा: मशीनवर नाही टाकलं. मिनलताईकडे घेऊन गेली. माझी मावसबहीण, मिहानमधल्या कंपनीवाल्यांना स्पॅनिश शिकवते ती. तिनं बसून मराठीत उतरवून दिलं. वाचू?

विहंग: हळू वाच. बाबा बाहेर बसले आहेत.

दीक्षा: "दीक्षा, तू मला ओळखत नाहीस. तुमच्या कार्यक्रमात माझं गाणं लागलं. त्याखाली तुमच्या भाषेत आणि इंग्रजीत ओळी होत्या. त्यांत लिहिलं आहे की मी म्हणते, खाणीच्या मालकांनी आमच्या माणसांना पायाखाली तुडवलं, आमच्या गार पडलेल्या प्रेतांवरून ते चालत गेले. माझ्या गाण्यात असं काहीही नाही. मी आयमारा भाषेत गाते. खाणीच्या ऑफिसात ती कोणालाच समजत नाही. त्यांनी तुमच्या इंग्रजी ओळी वाचल्या. माझे वडील अकरा वर्षं त्या खाणीच्या फाटकावर पहारेकरी आहेत. होते. त्यांना घरी बसवलं आहे. मी कार्यक्रमाच्या पत्त्यावर तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही. तू पण गातेस असं दिसलं, म्हणून तुला लिहिते."

विहंग: पुढे?

दीक्षा: पुढे गाण्याचा खरा अर्थ आहे. तू सांग, तुले काय वाटते, कशावर असेल ते गाणं?

विहंग: दीक्षा, असं नको करू.

दीक्षा: आजीवर आहे. तिकडे डोंगरात बटाटे रातभर उघड्यावर टाकतात. थंडीनं ते गोठून दगड होतात. मग सकाळी ऊन पडलं की अनवाणी पायांनी तुडवायचे, म्हणजे आतलं पाणी निघून जाते. वाळवले की वर्षानुवर्षं टिकतात. ही पोरगी अन् तिची आजी बटाटे तुडवून राहिल्या आहेत. आजी म्हणते, हळू गं, तुझे पाय आता माझ्यापेक्षा मोठे झाले. झालं. एवढंच गाणं आहे.

विहंग: पाय होते त्यात. तुडवणं होतं. थंड काहीतरी होतं. मी मशीनवर टाकलं तेव्हा असे सुटे सुटे शब्द आले.

दीक्षा: मालक कुठून आला?

विहंग: व्हिडिओत मागे खणलेला डोंगर दिसत होता. ट्रक जात होते.

दीक्षा: अन् प्रेतं? प्रेतं कोणत्या ट्रकात होती, विहंग?

विहंग: तू ते गाणं पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तुझ्याही अंगावर काटा आला होता. बीटमध्ये तो धप धप आवाज होता. मी चाळीस वेळा ऐकलं असेल. तिला तेव्हा एकशे बारा लोक ऐकत होते, सगळ्या जगात मिळून. मी शोधून काढली तिला.

दीक्षा: ती कुठं हरवली होती?

विहंग: मला म्हणायचं आहे की मला ते गाणं खरंच आवडलं होतं. त्यात खोटं नाही. फक्त एवढं सुंदर गाणं आणि अर्थ लागत नाही, तर लोकांना काय सांगू? 'आवाज छान आहे' एवढंच? ते चार सेकंदांत पुढे जातात. तिचा भाग चार लाख लोकांनी पाहिला.

दीक्षा: बटाट्यांसाठी नसता पाहिला.

विहंग: नसता पाहिला.

दीक्षा: तिचे तीन मेल कुठं आहेत?

विहंग: पहिला वाचला होता.

दीक्षा: कधी?

विहंग: पासवर्ड बदलायच्या आदल्या दिवशी.

दीक्षा: महिनाभर?

विहंग: महिन्याच्या वरच. वाचला आणि कचऱ्यात टाकला. दुसरे दोन आले तेव्हा नुसतं नाव पाहिलं. उघडले नाहीत. मला वाटलं, चार-सहा आठवड्यांत होईल सगळं शांत. आपल्याला पुण्याच्या महोत्सवाचं बोलावणं आलं होतं त्याच वेळी. रोज सकाळी कंपनीत जाताना ठरवायचो, आज उत्तर लिहू. संध्याकाळी वाटायचं, आता इतक्या उशिरा काय लिहायचं.

दीक्षा: अन् रविवारी इथं बसून सेनेगलच्या पोराच्या डोळ्यांतलं दुःख सांगायचा. मी बाजूले बसून म्हणायची, वा.

विहंग: हो.

दीक्षा: असे अजून किती आहेत? एकतीस भाग झाले आपले.

विहंग: इंग्रजीतले सगळे बरोबर आहेत. फ्रेंचमधले बरेचसे.

दीक्षा: किती, विहंग?

विहंग: अकरा. अकरांत मी मनाचं घातलं. कुठे एक ओळ, कुठे पूर्ण.

दीक्षा: बारा म्हण. पहिला भाग माझा होता.

विहंग: तुझं गाणं तर मराठीत होतं. त्यात मी काय करणार?

दीक्षा: तेच तं सांगून राहिली. मराठीत होतं तरी केलं. काय होतं माझं गाणं? धंतोलीच्या लॅबमध्ये मी सकाळी सहापासून लोकांचं रक्त काढते, त्यावर होतं. शीर सापडत नाही, म्हातारी म्हणते पोरी दुसऱ्या हातात पाहून घे, एक बुवा सुई पाहून डोळे मिटून आपल्या बायकोचा हात धरते. लोकांना हसू यावं म्हणून लिहिलं होतं मी. तू काय सांगितलं होतं माइकवर?

विहंग: आठवत नाही नीट.

दीक्षा: मले पाठ आहे. "इंदोऱ्याच्या दलित वस्तीतून आलेला हा आवाज. हिच्या ओळींतलं रक्त हे हजारो वर्षांचं आहे." ते रक्त शुगर तपासायचं होतं, बे. अन् वस्ती म्हणे. माझे बाबा बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले. तुमच्या या मनीषनगरच्या फ्लॅटपेक्षा आमचं घर मोठं आहे.

विहंग: तू तेव्हा काही बोलली नाहीस.

दीक्षा: नाही बोलली. टाळ्या होत्या ना. दीडशे लोकांनी त्या दिवशी मेसेज केले, काय आग आहे म्हणे. घरी बाबांनी विचारलं, हे कोणाबद्दल बोलून राहिला तो? मी म्हटलं, असंच असते ते, कार्यक्रमात असं बोला लागते. बाबा जेवून उठले. तेव्हा मी तोंड उघडलं असतं, तं त्या नायराचा बाप आज फाटकावर असता. म्हणून मी तुलेच बोलून नाही राहिली. मले माझीबी लाज वाटून राहिली आहे.

विहंग: मला कोणाचा अपमान करायचा नव्हता.

दीक्षा: माहीत आहे. तुले वाटते आम्ही रागातच असलो पाहिजे. आजीसोबत हसून राहिलो तं ते तुझ्या कामाचं नाही.

विहंग: काय करू, सांग.

दीक्षा: तिच्याशी बोल. लिहायचं नाही, बोलायचं. मिनलताई मधे बसायले तयार आहे.

(तीन दिवसांनी, संध्याकाळ. मिनलच्या घरी लॅपटॉपसमोर मिनल, विहंग आणि दीक्षा. पलीकडे नायरा, तिथे सकाळ आहे; तिचं स्पॅनिश मिनल मराठीत सांगते, विहंगचं मराठी स्पॅनिशमध्ये.)

मिनल: लागला कॉल. ती विचारते, विहंग कोणता.

विहंग: मी.

मिनल: म्हणते, आवाजावरून वाटलं होतं वय जास्त असेल.

विहंग: तिला सांगा, मला आधी माफी मागायची आहे.

मिनल: ती म्हणते, ते नंतर. आधी एक सांगा. तुम्हाला तो अर्थ कोणी दिला? आमच्या गावातलं कोणी होतं का? माझा मामेभाऊ शहरात शिकतो, त्याला इंग्रजी येतं. वडिलांना वाटतं, त्यानंच तुम्हाला लिहून पाठवलं. दोन महिने झाले, ते त्याला घरात येऊ देत नाहीत.

विहंग: नाही. त्यानं नाही. कोणीच नाही दिला.

मिनल: मग कुठून आला, म्हणते.

विहंग: माझ्याकडून चुकीचा लागला.

मिनल: विहंग, मी इथे फक्त मधे बसले आहे. तू जे म्हणशील तेच तिकडे जाईल, त्यातली एक मात्रा मी बदलणार नाही. म्हणून पुन्हा विचारते. 'चुकीचा लागला' असं सांगू?

विहंग: नको.

मिनल: मग?

विहंग: मी तयार केला. तिची भाषा मला येत नव्हती. काही शब्द कळले, बाकीचं मी मनानं लिहिलं.

मिनल: सांगितलं.

विहंग: काय म्हणाली?

मिनल: उठून गेली. कोणाला तरी हाक मारते आहे.

दीक्षा: बसून राहा. उठू नको.

मिनल: वडिलांना घेऊन आली. म्हणते, आता जे मला सांगितलंत ते यांच्यासमोर पुन्हा सांगा.

विहंग: नमस्कार, काका. तुमच्या मुलीच्या गाण्यात खाणीबद्दल काही नाही. ते सगळं मी लिहिलं, इथे नागपूरला बसून. त्या मुलाचा त्यात काही हात नाही. आणि तुमच्या मुलीनं मला मेल केले होते, त्यातला पहिला मी वाचून टाकून दिला, बाकीचे उघडलेच नाहीत.

मिनल: शेवटचंही सांगू?

विहंग: सांगा.

मिनल: वडील विचारतात, तुम्हाला आमच्या खाणीबद्दल काय माहीत होतं.

विहंग: काही नाही.

मिनल: ते म्हणतात, खाणीत वाईट गोष्टी आहेत. मी अकरा वर्षं फाटकावर उभा होतो, मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. त्या सांगायच्या की नाही, कधी सांगायच्या, कोणाला सांगायच्या, हे मी ठरवणार होतो. आता मी खरं सांगितलं तरी लोक म्हणतील, हे त्या हिंदुस्थानी माणसाच्या खोट्याचंच पुढचं आहे. विहंग, तुला काही सांगायचं आहे का त्यावर?

विहंग: नाही. ऐकलं म्हणून सांगा.

मिनल: ते उठून गेले. आता ती बोलते आहे. म्हणते, मला तीन गोष्टी हव्यात. खाणीच्या ऑफिसला पत्र, स्पॅनिशमध्ये, तुमच्या नावानिशी. जिथे तो भाग लावला तिथेच, तितक्याच लोकांसमोर, हे खोटं होतं असं सांगणं. आणि गाणं काढू नका. खालच्या ओळी काढा, आणि माझ्या घाला. मी पाठवते.

विहंग: तिन्ही करतो. पत्र आजच लिहितो, तुम्ही फक्त...

मिनल: मी स्पॅनिश करून देते. तू लिही.

विहंग: तिला विचारा, तिला पुन्हा कार्यक्रमात यायचं असेल तर. तिच्या तोंडून सगळं. किंवा आपल्याकडे बोलावून, पुण्याच्या महोत्सवात, तिकिटाचं मी पाहीन.

दीक्षा: विहंग.

मिनल: हे विचारू का खरंच?

विहंग: नको. राहू द्या.

मिनल: तिला शाळेत जायचं आहे, लहान मुलांना शिकवते ती. म्हणते, पत्र गेलं की कळवा.

विहंग: आणि माफीचं?

मिनल: ते मी दोनदा सांगितलं. ती म्हणते, पत्र गेलं की कळवा.

* * *

गिरिधर: विहंग, जागा आहेस का रे? चहा ठेवला आहे. दीक्षा आजही नाही आली वाटतं. तिसरा रविवार झाला.

विहंग: ती आता यायची नाही, बाबा. स्वतःचं करून राहिली आहे काहीतरी. तिच्या लॅबमधल्या पेशंटांवर.

गिरिधर: भांडलात?

विहंग: नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माइक तिचा होता, तो घेऊन गेली. जाताना म्हणाली, पत्राचं उत्तर आलं तर सांग.

गिरिधर: मग आलं?

विहंग: मिनलताईंना आलं. मला नाही. खाणीवाल्यांनी नायराच्या वडिलांना परत घेतलं, पण फाटकावर नाही. मागे गोदाम आहे कुठलं, तिथे बसवलं आहे. तिकडे कोणी येत-जात नाही म्हणे. फाटकावर त्यांना सगळं गाव नमस्कार करत जायचं.

गिरिधर: आणि तो मामेभाऊ?

विहंग: जेवायला आला होता एकदा. एवढंच लिहिलं आहे. तुम्हाला मामेभाऊ कसा माहीत?

गिरिधर: तू माफीच्या व्हिडिओत सांगितलंस ना. मी पाहिला तो. पूर्ण पाहिला.

विहंग: मी तुम्हाला स्वतः सांगणार होतो.

गिरिधर: ती दीक्षा आली होती त्या दुपारीही मी बाहेरच होतो. तुम्ही कूलर बंद केला की या भिंतीतून सगळं ऐकू येतं. मी वाट पाहून राहिलो होतो, तू येशील बाहेर म्हणून.

विहंग: मला वाटलं, तुम्हाला कळेपर्यंत निस्तरलेलं असेल.

गिरिधर: मी तीस वर्षं कोर्टात भाषांतराचं काम केलं, तुला माहीत आहे. जुने मोडीतले कागद, खेड्यातल्या पाटलांची पत्रं, मेलेल्या माणसांचे जबाब. कितीदा शब्द लागायचाच नाही. शाई सांडलेली, वाळवीनं खाल्लेलं. अशा वेळी तिथे लिहायचं, 'शब्द लागत नाही'. वकील कुरकुरायचे. पण त्यासाठी मला कोणी कधी बोललं नाही. तुला हे मी कधी सांगितलं नसेल. घरी आल्यावर कामाचं बोलायची सवय नव्हती मला.

विहंग: तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. मला लोक ऐकत होते तेव्हा.

गिरिधर: आता काय लिहितात ते?

विहंग: निम्मे शिव्या देतात. निम्मे म्हणतात, काय मोठा माणूस आहे, चूक कबूल केली. दुसरे जास्त त्रास देतात. पुण्याचं बोलावणं त्यांनी परत घेतलं. बाकीच्या दहा जणांना लिहिणं सुरू आहे, ज्यांचं मी मनाचं घातलं होतं. सेनेगलचा पोरगा म्हणाला, मी त्याच्या नावावर घातलेलं दुःख त्याला फार आवडलं, राहू द्या तसंच. मी काढलं.

गिरिधर: बरं केलंस. चहा घे, गार होतो आहे.

विहंग: बाबा, तुम्ही सकाळपासून खाली नाही गेलात. रोज सातला फिरायला जाता.

गिरिधर: गेलो होतो. लवकर वर आलो.

विहंग: काही झालं?

गिरिधर: काही नाही. ते बाकावर सगळे बसतात ना आमचे, दत्तोपंत वगैरे. तुझा प्रत्येक भाग मीच त्यांना पाठवायचो. मला मोबाइलवर पाठवता येत नव्हतं तर वॉचमनकडून शिकून घेतलं. आज मी पोचलो तेव्हा दत्तोपंतांच्या हातात मोबाइल होता. तुझा तो माफीचा व्हिडिओ लागलेला. तुझा आवाज मला लांबूनच कळला.

विहंग: मग? बोलले काही ते?

गिरिधर: नाही. चांगला माणूस आहे. मला पाहिलं, सरकून जागा केली.

विहंग: बंद केला त्यांनी?

गिरिधर: बंद नाही केला. आवाज कमी केला.